आधी रूळ, मग इंजिन: डभोईची छोटी गाडी ब्लेंडरमध्ये

गोयागेटकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, नॅरोगेज (अरुंद रुळांवरच्या) गाड्यांची, ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली थ्रीडी मॉडेलं हल्ली बरीच पाहण्यात येतात. इंजिन चकचकीत, रिव्हेट मोजून घ्यावेत असे, दिव्याच्या काचेत आभाळाचं प्रतिबिंबसुद्धा. आणि खाली पाहावं तर कुठून तरी फुकट उतरवून घेतलेला ब्रॉडगेजचा रूळ, दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केलेला! मला ते बघवत नाही.

माझं म्हणणं असं की छोट्या गाडीचं मॉडेल करायचं तर आधी रूळ करावा, इंजिन सगळ्यात शेवटी. आमच्या गायकवाडी रेल्वेचं सगळं रामायण रुळावरूनच तर घडलं. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम अशी वीस मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची लाईन पडली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिमी. बीबी अँड सीआयची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) मोठी लाईन १८६१ मध्येच बडोद्यापर्यंत पोचली होती. तिकडे अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे कापसाचे भाव चढलेले, तो मोठ्या लाईनपर्यंत न्यायला ही छोटी लाईन. या छोट्या लाईनवर गाडी ओढायला होते बैल. पुढच्याच वर्षी नीलसन कंपनीचं इंजिन आणलं, पण रूळ होता यार्डाला १३ पौंडांचा, मीटरला जेमतेम साडेसहा किलो. त्याला इंजिनाचा भार सोसेना. झालं, पुन्हा बैल. १८७३ मध्ये जड रूळ टाकून लाईन नव्याने बांधली आणि इंजिनांचा नियमित वापर सुरू व्हायला १८८० उजाडलं.

आता हे मॉडेलमध्ये बघा. आजच्या मेन लाईनचा रूळ मीटरला ६० किलो आणि १७२ मिमी उंच. तेरा पौंडी रूळ, हलक्या रुळांच्या नेहमीच्या प्रमाणाने, दोन इंचांच्या आसपास भरतो. दोन्ही एकाच फाईलमध्ये शेजारी ठेवले तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, हा पडद्याचा दांडा आहे का? तो दांडा जमिनीवर अंथरून त्यावर इंजिन ठेवून बघा, १८६३ साली काय झालं असेल ते कुणी सांगावं लागत नाही.

सध्या तयार आहे ते असं: १८६२ चा रूळ आणि स्लीपर, नंतरचा जड रूळ, आणि झेडबी वर्गाच्या इंजिनाचा सांगाडा. झेडबी म्हणजे २-६-२, पुढे दोन लहान चाकं, मध्ये सहा जोडचाकं, मागे पुन्हा दोन. अडलंय ते बैलांपाशी. ७६२ मिमीच्या रुळात बैलजोडी जुंपायची कशी? ज्यांनी औत हाकलंय त्यांनी जरा सांगा. आणि हे सगळं शेवटी ओपन रेल्समध्ये न्यावं की ट्रेन्झमध्ये (दोन्ही गाडी चालवायचे गेम), यावरही मतं हवीत.

---

खरवस | शनिवार, रात्री ११:०५

वाचतोय. पण चित्रं कुठायत? नुसत्या वर्णनावर पोट भरत नाही हो.

---

गोयागेटकर | शनिवार, रात्री ११:११

चढवली. तिन्ही रूळ एका ओळीत आहेत. डावीकडचा बारका तो १८६२ चा.

---

नर्मदेहर | रविवार, सकाळी ७:२०

आमचं घर मूळ चांदोदचं, आता बडोद्याला नवापुऱ्यात. शेती अजून आहे, म्हणून बोलतो.

जोडी जुंपली तर दोन बैलांच्या मध्यांत सहज तीन फूट अंतर पडतं. तुमचा गेज अडीच फुटांचा. म्हणजे डावा बैल डाव्या रुळावर आणि उजवा उजव्या रुळावर चालणार. बैल काय तारेवरची कसरत करतो? एक पाय रुळाच्या आत, एक बाहेर असं त्याला मैलभरसुद्धा चालवता यायचं नाही. खुराला सारखी ठेच लागेल. जू आखूड केलं तर दोघांची पोटं घासतात, माना सोलवटतात.

तेव्हा दोनच गोष्टी संभवतात. एकामागे एक असे बैल रुळांच्या मधून चालवायचे, मधे साखळी. एका बैलाला अडीच फूट पुरतात. किंवा बैल रुळाच्या बाजूच्या पायवाटेने चालवायचे आणि लांब दोरखंडाने गाडी ओढायची. पहिल्या प्रकारात स्लीपरच्या मध्ये मातीचा भराव हवा, स्लीपर उघडे राहिले तर बैल अडखळणार. तुमच्या चित्रात स्लीपर उघडे आहेत, खाली खडी दिसतेय. त्या खडीवर अनवाणी बैल? त्याच्या खुरांना निदान पत्र्या तरी मारा!

---

गोयागेटकर | रविवार, सकाळी ९:४८

नर्मदेहर, पत्री मारायचं तर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. खडी काढतो, मुरूम-मातीचा भराव स्लीपरच्या माथ्यापर्यंत आणतो. मग रूळ मातीतून दीड-दोन इंचच वर दिसेल. आणखीच केविलवाणा.

बाजूने ओढण्यात मला अडचण दिसते ती अशी की ओढ तिरकी लागते. चाकाची कड रुळाला घासत जाणार. पण दोर लांब असेल तर कोन कमी होतो, घासही कमी. मी दोन्ही रचना करतो, वेगवेगळ्या कलेक्शनमध्ये. दोन्हींना सपाट राखाडी रंग, वर कातड्याचं, केसांचं टेक्श्चर काही नाही. हे आपलं गणित आहे, पुरावा नव्हे, ते बघणाऱ्याला रंगावरूनच कळलं पाहिजे. ज्याचं माप मिळालं तेवढ्यालाच खरा रंग द्यायचा, हा नियम मी इंजिनालाही लावलाय.

---

तर्कटराव | रविवार, सकाळी १०:३०

एवढा खटाटोप कशाला? एआयला सांगितलं, "गायकवाडी नॅरोगेज रेल्वे, डभोई, बैल, संध्याकाळ". अर्ध्या मिनिटात चार चित्रं. सोबत जोडली आहेत. कुणीही म्हणेल झकास.

---

रावपुरा_रिटर्न्स | रविवार, सकाळी १०:४१

झकास खरंच. दुसऱ्या चित्रात बैलाला पाच पाय आहेत, तेवढाच जोर जास्त लागेल.

---

चित्रलिपी | रविवार, सकाळी ११:५५

तर्कटराव, चित्राची हवा छान आहे, ते नाकारत नाही. पण तिसऱ्या चित्रातला जोडदांडा (चाकांना एकमेकांशी जोडणारा) बघा. पुढच्या चाकापासून निघतो आणि मधल्या चाकाच्या मागे जाऊन विरघळतो. वाफेच्या इंजिनाचं सगळं सौंदर्य यात आहे की दट्ट्याचं (पिस्टनचं) पुढेमागे होणं चाकाच्या फिरण्यात कसं बदलतं ते उघड्यावर दिसतं. तेच चित्रात खोटं असेल तर राहिलं काय, धूर आणि संध्याकाळ.

गोयागेटकर, मी ॲनिमेशन शिकवते, त्यामुळे थोडं तुमच्या झेडबीच्या दांड्यांबद्दल. चित्रावरून वाटतंय की तुम्ही एक बाजू करून मिरर मॉडिफायर (दुसऱ्या बाजूला आरशासारखी नक्कल करणारी सोय) लावला आहे. बॉयलरला, टेंडरला (कोळसा-पाण्याच्या मागच्या गाड्याला) तो चालतो. चाकांना नाही. दोन्ही बाजूंचे क्रँक (चाकाला दांडे जिथे जोडतात ते खुंटे) एकमेकांशी ९० अंशांत असतात. डावा वर असेल तेव्हा उजवा पुढे किंवा मागे. दोन्ही एकाच जागी असते तर इंजिन नेमकं दट्ट्याच्या टोकाला थांबलं की पुन्हा सुटलंच नसतं, वाफ कितीही द्या. बहुतेक हौशी मॉडेलांमध्ये हे हमखास चुकतं, कारण एका वेळी एकच बाजू दिसते. समोरून कॅमेरा आणला की पितळ उघडं पडतं.

रिग करताना चाकाला क्रँकपिनच्या जागी एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी नुसती खूण) जोडा. जोडदांडा त्या एम्प्टीची फक्त जागा घेतो, फिरत नाही, सदैव आडवाच राहतो. मुख्य दांड्याचं मागचं टोक क्रँकपिनवर आणि पुढचं टोक क्रॉसहेडकडे (दट्ट्याच्या दांड्याच्या टोकाकडे) रोखलेलं, त्यासाठी ब्लेंडरमधला लॉक्ड ट्रॅक पुरे. क्रॉसहेड फक्त सरळ रेषेत सरकतो. वॉलशार्टचा व्हॉल्व गिअर (सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी यंत्रणा) मात्र सावकाश करा, विशेषतः तो वक्र लिंक. त्याचा झोका चाकाच्या रिटर्न क्रँकवरून येतो, क्रॉसहेडची हालचाल कॉम्बिनेशन लिव्हरमधून येते, आणि दोन्हींची बेरीज होऊन व्हॉल्व हलतो. कीफ्रेम टाकून हे हाताने करू नका. बांधणी बरोबर असेल तर एक चाक फिरवलं की बाकी सगळं आपोआप चालतं, आणि कुठे काही अडकलं तर तुमचं एखादं माप चुकलंय असं समजा. एक प्रकारे इंजिनच तुमची परीक्षा घेतं.

अजून एक. चाक ८६४ मिमीचं धरलं तर ताशी २० किलोमीटरला सेकंदाला साधारण दोन फेरे होतात. चाकाला बारा आरे असतील आणि तुम्ही २४ फ्रेमने रेंडर करत असाल तर प्रत्येक फ्रेमला एक आरा दुसऱ्याच्या जागी येऊन बसतो. गाडी धावतेय आणि आरे स्तब्ध! मोशन ब्लर चालू ठेवा, नाहीतर वेग आठवर आणा.

---

गोयागेटकर | रविवार, दुपारी १:१०

ताई, हे आरे थांबण्याचं मी स्क्रीनवर बघत होतो आणि कारण सापडत नव्हतं. फाईल बिघडली म्हणून नवीन मशीन घ्यायच्या विचारात होतो, घरच्यांनी तुमचे आभार मानलेत.

क्रँकचं म्हणाल तर चाकं मिररबाहेर काढून उजवी बाजू ९० अंशांनी फिरवली आहे. मिररचं चित्र जुन्या रेंडरचं होतं.

---

कुर्डुवाडी_जंक्शन | रविवार, दुपारी ३:२५

"आधी रूळ" या मुद्द्याला आमच्याकडचं अनुमोदन. बार्शी लाईट रेल्वे, गेज तुमचाच, ७६२. १८९७ मध्ये सुरू झाली. काल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने आधी ठरवलं ते रुळाचं आणि भाराचं: रूळ यार्डाला ३० पौंड, आणि कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. मग इंजिन, डबा, वाघिण, सगळं त्या आकड्यात बसवायचं. म्हणून किटसनकडून आलेली इंजिनं ०-८-४. ताकद तर हवी, पण एका ॲक्सलवर भार टाकायचा नाही, म्हणून चाकं वाढवली.

आमच्या एका पोराने हे इंजिन केलं होतं, दिसायला देखणं, पण चार जोडचाकांपैकी एक जोडी गाळून, का तर "प्रपोर्शन चांगलं दिसतं". म्हटलं बाबा, ती जोडी काढलीस तर तिचा भार उरलेल्या तिघांवर येतो, रूळ बसला तुझा. इंजिनाचा आकार हा शोभेचा प्रश्न नसतो, तो रुळाने घातलेल्या अटीचा असतो. तुमच्या १८६३ च्या नीलसनचं दुखणं तेच, आणि चौतीस वर्षांनी बार्शीला त्याच गेजवर ते व्यवस्थित सुटलं.

आता इकडे ब्रॉडगेज झाली. जुन्या खुणा शोधाव्या लागतात.

---

मूर्तिजापूरवाला | रविवार, दुपारी ४:०२

शकुंतलेचं (यवतमाळ-मूर्तिजापूर गाडीचं) झेडडी इंजिन कुणी केलंय का? १९९४ पर्यंत वाफेवर चालत होती आमची. गेज तोच.

---

लष्करकर | रविवार, रात्री ८:५०

ग्वाल्हेरहून रामराम. आमचा गेज वेगळा, दोन फूट, ६१० मिमी, हे आधी सांगून टाकतो. कारण माझं मॉडेल एकाने उचलून ७६२ च्या रुळावर ठेवलं आणि "सिंदिया ट्रेन" म्हणून फिरवलं. दोन्ही बाजूंना ७६ मिमी चाकं रुळाच्या आत तरंगत होती! खाली शंभर वाहवा. कुणाला दिसलं नाही.

ग्वाल्हेर-श्योपूर जवळपास २०० किलोमीटर, दोन फुटी गेजवर एवढी लांब लाईन भारतात दुसरी नव्हती. माधवराव शिंदे महाराजांनी घातलेली. २०२० मध्ये गाडी बंद झाली, ब्रॉडगेजचं काम निघालं. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी सगळ्यांना ठाऊक असते, पाहुणे तिचेच फोटो काढतात. छपरावर माणसं भरून जाणारी खरी गाडी पाहिलेले त्यामानाने थोडे.

छपरावरची माणसं हाच माझा विषय. सुरुवातीला मी पार्टिकल सिस्टीमने (वस्तू आपोआप विखुरणाऱ्या सोयीने) माणसं पेरली. निकाल भयंकर, सगळे समान अंतरावर, सगळ्यांची तोंडं चहूकडे. खरं छप्पर तसं नसतं. माणसं घोळक्याने बसतात, वाऱ्याला पाठ देऊन. जिथे कमान सपाट होते तो मधला पट्टा आधी भरतो. कडेला पाय सोडून बसतात ती तरणी पोरं. दुधाच्या बरण्या, सायकल, गठुडी दोन घोळक्यांच्या मधे. आणि झाडाच्या फांदीपाशी सगळे एकदम वाकतात, पुढून मागे लाट गेल्यासारखे. ती लाट जमली आणि गाडी जिवंत झाली.

गोयागेटकर, तुमच्या गाडीत अजून एकही माणूस नाही. डबा गेजच्या जवळपास तिप्पट रुंद असतो, तो किती डोलतो हे रिकाम्या डब्यात कळायचं नाही.

---

गोयागेटकर | रविवार, रात्री ९:३५

लष्करकर, माणसं येणार, पण शेवटी. आधी डब्याचं डोलणं बसवतोय. बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या) वर एक एम्प्टी ठेवून त्याला नॉइज मॉडिफायर (आपोआप वेडीवाकडी थरथर देणारा) लावला, आडवा झोका जास्त, उभा कमी. पण नुसत्या नॉइजने गाडी नशा केल्यासारखी दिसते. रुळाच्या सांध्यावर धक्का यायला हवा, तोही आधी पुढच्या बोगीला, मग मागच्या. सांध्यांची जागा रुळाच्या मॉडेलमधूनच घेतली की ताल आपोआप बसतो. परत तेच, आधी रूळ.

---

वाफेचा_माणूस | सोमवार, सकाळी ६:१५

मी फायरमन म्हणून लागलो होतो, पुढे डिझेलवर गेलो, आता घरी आहे. नातवाने धागा वाचून दाखवला. त्याच्याकडून टाईप करून घेतोय.

तुमचं इंजिन बघितलं. पोरा, तू ते बागेत उभ्या केलेल्या इंजिनावरून केलंस ना? प्रतापनगरच्या वारसा उद्यानातली इंजिनं बघायला मीही जातो. पण तो रंग कामावरच्या इंजिनाचा नव्हे. उभ्या इंजिनाला दर थोड्या वर्षांनी वरून वरून जाड रंग मारतात, दांड्यांनासुद्धा चंदेरी रंग! चालत्या इंजिनाच्या दांड्याला रंग नसतो, तेलाने माखलेलं उघडं लोखंड असतं. क्रॉसहेडच्या पट्ट्या तर आरशासारख्या झिजून चकाकतात.

मळ कुठे बसतो ते सांगतो. सगळीकडे सारखा बसत नाही. सेफ्टी व्हॉल्वच्या खाली आणि इंजेक्टरच्या नळीच्या तोंडाशी पांढरे ओघळ, पाण्यातल्या क्षाराचे. आपलं पाणी जड, जिथे गळती तिथे पांढरं. चिमणीच्या मागे बॉयलरच्या पाठीवर काजळी, पण धुरखान्याच्या दारावर राख, करडी, कारण राख तिथूनच ओढून काढायची. फूटप्लेटच्या पायरीला मधोमध रंग नाही, कडेला आहे. कॅबच्या दांडीला जिथे हात लागतो तिथे पितळ पिवळंधमक आणि वर-खाली काळं. आम्ही सगळे त्याच एका जागी धरायचो.

आणि खाली, चाकांना, आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात ती अशी चिकटते की वाळल्यावर खवले होऊन पडते. तुझ्या चित्रात लाल धूळ आहे. ती कोकणातली आणलीस काय?

---

रावपुरा_रिटर्न्स | सोमवार, सकाळी ८:०२

काका, "कोकणातली आणलीस काय" ला साष्टांग दंडवत.

---

चित्रलिपी | सोमवार, सकाळी ९:१८

काकांचा हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर. विद्यार्थी "ग्रंज" नावाचं तयार टेक्श्चर सगळ्या अंगावर सारखं फासतात. प्रत्येक डागाला कारण असतं हे त्यांना पटवताना घसा बसतो.

करायला सोपं जावं म्हणून: चार वेगळे मास्क (कुठे काय दिसेल ते ठरवणारे थर) ठेवा. पाण्याचा ओघळ वरून खाली, काजळी पुढून मागे, चिखल खालून वर, आणि हाताची-पायाची झीज. पहिले तीन दिशेने ठरतात, चौथा हाताने रंगवायचा. झिजेला रफनेस (खरखरीतपणा) कमी, काजळीला जास्त. एकाच काळ्या रंगात चार प्रकारची चमक दिसली की इंजिन जड वाटायला लागतं, त्यासाठी रिव्हेट वाढवायची गरज पडत नाही.

बागेतलं इंजिन फोटोग्रामेट्रीने (पुष्कळ फोटोंवरून थ्रीडी आकार काढून) घेतलं असेल तर काळ्या गुळगुळीत रंगावर सॉफ्टवेअरला पकड मिळत नाही, बॉयलर खड्डे पडल्यासारखा येतो. ढगाळ सकाळी काढा, उन्हात नको. मेशरूम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर फोटो एकमेकांवर भरपूर चढलेले हवेत. आणि आलेला मेश (आकाराची जाळी) तसाच वापरू नका, तो फक्त मापाला खाली ठेवून वर स्वच्छ मॉडेल करा.

---

गोयागेटकर | सोमवार, दुपारी २:२०

काका, नमस्कार करतो. माती काळी केली, दांड्यांचा चंदेरी रंग उतरवला. बॉयलरचं ताई म्हणतात तसंच झालं होतं, पोट आत गेलेलं. उन्हाळ्यात फोटो काढलेले. पावसाळ्याची सकाळ धरून पुन्हा जाईन.

एका ठिकाणी टेप लावून माप घेताना पहारेकऱ्याने हटकलं, "काय विकत घ्यायचंय का?" म्हणून. तेव्हापासून मी गेजची पट्टी फोटोतच ठेवतो, पाऊणशे सेंटिमीटर आणि वर बारा मिलिमीटरची लाकडी पट्टी, काळे-पांढरे पट्टे रंगवलेली. माप रुळाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्यायचं हे नवीन मुलांनी ध्यानात ठेवा. बरेच जण मध्यापासून मध्यापर्यंत धरतात आणि मग चाकं बसत नाहीत म्हणून कुरकुरतात.

उजेडाचंही सांगतो. उतरवून घेतलेल्या एचडीआरआयमध्ये (दृश्याला उजेड देणाऱ्या आभाळाच्या फोटोमध्ये) बहुधा परदेशातलं आभाळ असतं, सूर्य खाली, सावल्या लांब. बडोदं २२.३ अक्षांशावर. जूनच्या अखेरच्या पंधरवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला. डब्याच्या छपराची सावली सरळ चाकांवर पडते, बाजूची भिंत जवळपास सावलीत, आणि उजेड येतो तो जमिनीवरून उसळून. म्हणजे पुन्हा काळी माती, तिचा उसळलेला उजेड कमी. ब्लेंडरच्या सन पोझिशनमध्ये अक्षांश-रेखांश भरून पाहिलं आणि डभोई स्टेशनचा उन्हाळा एकदम डोळ्यांपुढे आला.

---

तर्कटराव | सोमवार, दुपारी ३:४०

बरं, हरलो. पण हे सगळं करून बघणार कोण? गाडी गेली, रूळ उखडले, डभोईला ब्रॉडगेज आली. नवीन पिढीला काय त्याचं?

---

नर्मदेहर | सोमवार, सायंकाळी ५:१५

तर्कटराव, एकेकाळी डभोईहून चांदोद, मियागाम, प्रतापनगर, बोडेली, टिंबा अशा सगळीकडे छोट्या गाड्या सुटायच्या. देशातल्या नॅरोगेजच्या मोठ्या जंक्शनांपैकी ते एक. आमचे आजोबा चांदोदला क्रियाकर्माला येणाऱ्यांची सोय बघायचे, गाडीच्या वेळेवर त्यांचा दिवस चालायचा. माझा भाचा पुण्यात गेम बनवतो. त्याला डभोई यार्डाचा नकाशा दाखवला तर तास दोन तास हलला नाही. बघणारा मिळतो हो.

---

लष्करकर | सोमवार, सायंकाळी ६:३०

ओपन रेल्स की ट्रेन्झ, हे राहूनच गेलं. माझं मत: ओपन रेल्स फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या ट्रेन सिम्युलेटरच्या फाईली वाचतं, आणि वजन, ब्रेक, वाफ यांचं गणित बारकाईने भरता येतं. अडचण रुळांची. त्या जुन्या गेमचे मूळ रूळ १४३५ मिमीचे, नॅरोगेजचे तुकडे वेगळे मिळवावे किंवा करावे लागतात. ट्रेन्झमध्ये रूळ म्हणजे एक लांबवता येणारा मेश, ७६२ चा स्वतःचा रूळ करून टाकला की झालं. तुम्ही रूळ आधीच केला आहे, तेव्हा ट्रेन्झ तुम्हाला सोपं. दूरचे कमी तपशिलाचे एलओडी मात्र विसरू नका. माझ्या पहिल्या छपरावरच्या गर्दीने मित्राचा लॅपटॉप बंद पाडला होता.

---

गोयागेटकर | सोमवार, रात्री ९:५०

मग दोन वाटा करतो. १८६२ ची बैलगाडी-रेल्वे ट्रेन्झमध्ये, तिथे वाफेचं गणित लागतच नाही. बैल ताशी तीन-साडेतीन किलोमीटर चालला तर ३२ किलोमीटरला नऊ ते अकरा तास, विसावा सोडून. खरोखर कुणाला तेवढा वेळ गेम खेळायचा असेल तर धन्य आहे. झेडबी ओपन रेल्समध्ये, कारण काकांना रेग्युलेटर (वाफ सोडायचा दांडा) हातात द्यायचाय.

आवाज अजून नाही. झेडबीला वीसच्या वेगाला सेकंदाला वाफेचे आठ फटके पडायला हवेत, एका फेऱ्याला चार धरून. मिळालेलं रेकॉर्डिंग मोठ्या चाकाच्या इंजिनाचं आहे, ते संथ वाटतं. रुळाच्या सांध्यांचा आणि डब्याच्या लाकडाचा आवाज मात्र खरा घेता येईल. बिलीमोरा-वघईची ६३ किलोमीटरची लाईन गायकवाडांच्याच काळातली, ती २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे साध्या डब्यात बसून रेकॉर्ड करायचा बेत आहे. वातानुकूलित डब्यात काचा बंद, काही उपयोग नाही. कुणी येणार का?

---

खरवस | सोमवार, रात्री ९:५८

येतो. वघईला जाऊन नागलीची भाकरी खाल्ल्याशिवाय परतायचं नाही या अटीवर.

---

वाफेचा_माणूस | मंगळवार, सकाळी ६:४०

रेग्युलेटर देतोस ते ठीक. पण टेंडरमधला कोळसा बघितला. केवढे ते ढेकूळ, एकेक कलिंगडाएवढं. ते छोट्या भट्टीच्या दारातून आत कसं जाणार? आम्ही घणाने फोडून मुठीएवढे करायचो. बारीक चुराही हवा, तो पाणी मारून ओला ठेवायचो, नाहीतर कॅबभर उडतो. आणि कोळसा मागून पुढे उतरता रच, फावडं पुढेच चालतं. पुढचा भाग रिकामा, पत्रा घासून चकचकीत झालेला, मागे ढीग.

---

गोयागेटकर | मंगळवार, सकाळी ८:२५

काका, ढेकूळ फोडले, चुरा टाकला, पुढचा पत्रा घासला. ओल्या चुऱ्याला रफनेस कमी केलाय. नवीन फाईल चढवली आहे, नातवाला टेंडरच्या बाजूने उघडायला सांगा आणि फावडं ठेवायची जागा कुठे होती तेवढं कळवा.

---

वाफेचा_माणूस | मंगळवार, सकाळी ८:५१

डाव्या बाजूला, दांडा वर. आणि त्याच्या शेजारी पाण्याचं मडकं पाहिजे, ते दिसत नाही.